अंधारातली कोळंबी

नमस्कार श्रोतेहो.

कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात माझी मावशी राहायची. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. एकदा ऐन थंडीत तिनं गणेश पेठेतून कोळंबी आणली, पाहुणे काही आले नाहीत, म्हणून मीठ लावून परात तशीच रात्रभर मोरीजवळ गारव्याला ठेवली. रात्री वीज गेली. मी दहाएक वर्षांचा, पाणी प्यायला उठलो, तर परातीतून निळसर उजेड येत होता! रेडियमच्या घड्याळाचे काटे दिसतात तसा, थंड, न हलणारा. मी ओरडलो. मावशी आली, शांतपणे म्हणाली, "भियाव नको. दर्याचो उजेड आसा तो." तिनं कोळंबीवरून बोट फिरवलं, तर उजेड तिच्या बोटाला लागला! मग परात नळाखाली धरली आणि गोड्या पाण्यात तो बघता बघता विझला. (पुण्यात आता असा अंधारच उरलेला नाही. मुलांना महिन्यातून एक रात्र तरी गावाबाहेर न्यायला हवं.)

तो उजेड कोळंबीचा नव्हता. तिच्यावर वाढलेल्या समुद्री जिवाणूंचा होता. खारं पाणी गेलं की ते फुटतात.

त्यांच्याच भावकीतला एक जिवाणू, विब्रिओ फिशेरी. हा एकटा असताना उजळत नाही. पुन्हा सांगतो, एकटा नाही, गर्दी झाली की उजळतो. 1970 साली नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज या संशोधकांनी हे दाखवून दिलं. पण गर्दी झाली हे त्याला कळतं कसं? मेथिओनिनमुळे. हे गंधक असलेलं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक.

तर जिवाणू मेथिओनिनपासून एक छोटा रेणू घडवतो. तोच त्याचा निरोप. एकट्याचा निरोप समुद्रात विरून जातो. गर्दीत मात्र तो साठतो, पेशींत परत शिरतो आणि उजेडाची जनुकं चालू करतो.

हवाईच्या किनाऱ्यावर बोटाएवढं एक माकुल (स्क्विड) असतं, त्याच्या पोटात हेच जिवाणू राहतात. चांदण्यात खालच्या शिकाऱ्याला त्याची सावली दिसू नये, म्हणून पोटाखाली त्यांचा उजेड. पहाटे ते बहुतेक जिवाणू बाहेर टाकतं. उरलेले दिवसभर वाढतात, निरोप साठत जातो, आणि अंधार पडेपर्यंत पोट पुन्हा उजळलेलं असतं.