रश : एका अल्बमला दुसऱ्याचं उत्तर

मंडळी, रशच्या चाहत्यांसमोर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : तुमचा क्रम काय? १९७४ ते २०१२ या काळात टोरंटोच्या या तिघांच्या रॉक बँडने १९ स्टुडिओ अल्बम केले. त्यांची उतरंड मीही अनेक वर्षं लावत होतो. पुढे शेजारशेजारचे दोन अल्बम एका बैठकीत ऐकायची सवय लागली, आणि उतरंडीतला रस संपला. कारण रशचा जवळजवळ प्रत्येक अल्बम आधीच्या अल्बमशी बोलतो, कधी त्याच्याशी भांडतोसुद्धा.

पहिली जोडी १९७५ आणि १९७६ची. ‘कॅरेस ऑफ स्टील’ची अख्खी दुसरी बाजू एकाच दीर्घ रचनेने व्यापलेली आहे. अल्बम पडला. त्यानंतरचा दौरा इतका वाईट गेला की त्याला त्यांनी स्वतःच ‘डाउन द ट्यूब्ज’ हे नाव दिलं. छोटी, सोपी गाणी करा, असा कंपनीचा आग्रह सुरू झाला. त्यावर या तिघांनी केलं काय, तर ‘ट्वेन्टी वन ट्वेल्व्ह’मध्ये पुन्हा वीस मिनिटांची एकच रचना, तीही पहिल्याच बाजूला! याला लोक जिद्द म्हणतात, आणि ती होतीच. पण मला त्यातली दुरुस्ती जास्त महत्त्वाची वाटते. आधीच्या रचनेचे तुकडे सुटे राहतात, एक थांबतो मग दुसरा सुरू होतो. इथे सुरुवातीच्या वादनात जे सूर कानावर पडतात ते पुढे परत भेटतात. पुजाऱ्यांच्या सत्तेखाली जगणाऱ्या एका नायकाची ही कथा. त्याला गिटार सापडते तो भाग आठवा. गिटारवादक अ‍ॅलेक्स लाइफसन आधी मोकळ्या तारा छेडतो, सूर जुळवतो, मग हळूहळू त्यातून चाल उमटते. एक माणूस वाद्य शिकतोय हे आपल्याला शब्दांच्या आधी कळतं. गायक आणि बेसवादक गेडी ली पुजाऱ्यांसाठी किंचाळणारा आवाज लावतो आणि नायकासाठी हळुवार. कथा सांगायची कशी, हे त्यांना एका अपयशाने शिकवलं.

दुसरी जोडी माझ्या सर्वांत जवळची. १९७८ सालचा ‘हेमिस्फिअर्स’ त्यांनी वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्ड केला. वादन आधी बांधून झालं आणि गाताना लक्षात आलं की पट्टी गेडीसाठी फारच उंच लागली आहे. तो ताण आजही ऐकू येतो, आणि मला तो प्रिय आहे. शेवटची ‘ला व्हिया स्ट्रँजिआटो’ ही साडेनऊ मिनिटांची केवळ वादनाची रचना, बारा भागांची. ती एका दमात वाजवून रेकॉर्ड करायचा त्यांनी पुनःपुन्हा प्रयत्न केला आणि अक्षरशः थकले. यापुढे या वाटेने जायचं नाही, हे तिथेच ठरल्यासारखं झालं. १९८०च्या ‘पर्मनंट वेव्ह्ज’चं पहिलंच गाणं पाच मिनिटांच्या आत संपतं आणि शेवटाकडे चक्क रेगेच्या ठेक्यात शिरतं. अवघडपणा गेला नाही, तो छोट्या जागेत दाबून बसवला.

याचा उत्तम नमुना पुढच्याच वर्षी आला. ‘मूव्हिंग पिक्चर्स’मधलं ‘वाय वाय झेड’ म्हणजे टोरंटो विमानतळाचा संकेत, तारेच्या मोर्स लिपीत वाजवलेला. मोजून पाहा : लांब खुणेला दोन, आखूड खुणेला एक. पहिल्या अक्षराचे सात, दुसऱ्याचे सात, तिसऱ्याचे सहा. झाले वीस, म्हणजे दुप्पट लयीत दहा मात्रांचं आवर्तन. दहा म्हटल्यावर आपल्याला झपताल आठवतो, पण इथली विभागणी अगदी निराळी. म्हणून पहिल्यांदा ऐकताना पाय अडखळतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर मात्र तो ठेका अंगात भिनतो.

आता वादाचा विषय. १९८२च्या ‘सिग्नल्स’पासून सिंथेसायझर पुढे आले आणि गिटार मागे गेली, ही तक्रार खरी आहे. त्या अल्बममध्ये लाइफसनला जागा कमी मिळाली, हे मलाही टोचतं. ‘फ्लाय बाय नाइट’पासून सोबत असलेले निर्माते टेरी ब्राउन यांचा हा शेवटचा अल्बम. पण म्हणून अख्खं दशक टाकून देणाऱ्यांना माझी विनंती आहे : १९८४चा ‘ग्रेस अंडर प्रेशर’ लगेच त्याच्यामागे लावा. त्यातलं ‘रेड सेक्टर ए’ ऐका. गेडीच्या आई-वडिलांनी नाझी छळछावण्या भोगल्या होत्या. आईने सांगितलेल्या सुटकेच्या आठवणींतून त्या गाण्याला प्रेरणा मिळाली. शब्द बँडचा ड्रमर आणि गीतकार नील पीअर्टचे. आणि त्या गाण्यात बेस गिटार नाहीच! गेडी फक्त कीबोर्ड वाजवतो. खालची जमीन काढून घेतल्यासारखी पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीत लाइफसनचे तुटक सूर कापत जातात. सिंथेसायझरने गिटारला मारलं असं म्हणणाऱ्यांनी हे गाणं अंधारात बसून ऐकावं.

‘काउंटरपार्ट्स’मध्ये गिटार पुन्हा पुढे आली, ती मला आवडते, ‘टेस्ट फॉर एको’ मात्र मनाला तितका भिडत नाही.

मग सहा वर्षांची शांतता. १९९७ साली पीअर्टची मुलगी अपघातात गेली, पुढच्याच वर्षी पत्नी कर्करोगाने. हा माणूस पुन्हा ड्रम्सवर बसेल की नाही, हेच ठाऊक नव्हतं. २००२चा ‘व्हेपर ट्रेल्स’ सुरू होतो तो थेट त्याच्या ड्रम्सच्या भडिमाराने. मला त्या पहिल्या काही सेकंदांत अजूनही भरून येतं. दुर्दैव असं की अल्बमचा आवाज इतका चढवला होता की तो फाटला, आणि गिटारचे थर एकमेकांत मिसळून गेले. २०१३ साली डेव्हिड बॉट्रिल यांनी त्याचं नव्याने मिक्सिंग केलं. काही चाहते मूळ आवृत्तीलाच धरून आहेत. तो गोंगाट त्या दुःखाचाच भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. दुःख पीअर्टच्या शब्दांत आणि हातांत होतं, आणि ते हात नव्या मिक्समध्ये स्वच्छ ऐकू येतात. नव्याने ऐकणाऱ्याला मी न कचरता तीच आवृत्ती देईन.

‘प्रेस्टो’ आणि ‘रोल द बोन्स’बद्दल मी काहीच बोललो नाही, कारण त्यांच्यापाशी मी पुरेसा थांबलेलो नाही. त्यांवर जीव असणारे इथे नक्की असतील. माइक आधी त्यांच्याकडे द्या. त्यांतलं कुठलं गाणं कशाच्या पाठोपाठ ऐकू, एवढं मला सांगा.