लघवी किती झाली?

रात्रीचे 3 वाजलेत. वॉर्डमधले लाईट मंद केलेत आणि सिस्टर कॉटशेजारी चक्क उकिडव्या बसल्यात, हातात टॉर्च. बघतायत काय, तर युरोबॅगला, म्हणजे पेशंटला लावलेल्या नळीतून लघवी जमते त्या पिशवीला, जोडलेल्या छोट्या डबीवरची रेघ. उभ्याउभ्या वरून बघितलं की आकडा चुकतो, डोळे लघवीच्या पातळीलाच आणावे लागतात. तासाभरात 22 एमएल.

आता 22 म्हणजे बरं की वाईट? ते पेशंटच्या वजनावर. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला निदान अर्धा एमएल तरी लघवी हवी, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 30. लहान मुलांना किलोमागे साधारण 1. हा पेशंट 60 किलोचाच, म्हणजे कमीच झाली की. पण एका तासावरून कुणी निकाल लावत नाही, सलग 6 तास किलोमागे अर्ध्या एमएलच्या खाली राहिली तर मात्र किडनीला मार बसतोय असं धरतात. आणि गंमत बघा, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) तोवर नॉर्मलही येऊ शकतं, त्याला चढायला वेळ लागतो, म्हणून तर या डबीला एवढा भाव.

सिस्टर अजून डॉक्टरांना फोन करत नाहीयेत. त्या आधी नळी चाचपतायत, पेशंटपासून पिशवीपर्यंत, हळूहळू. मांडीखाली दबलीये का, पीळ पडलाय का, ओटीपोट फुगलंय का. लघवी एकाएकी बंद झाली तर आधी अडथळाच शोधायचा. आणि हे बघा, कूस बदलताना नळी मांडीखाली मुडपलीये. सोडवली तसे 16 एमएल सरसर खाली आले. एकूण 38. किडनी बिचारी काम करतच होती.

उलटंही होतं बरं का. शुगर खूप वाढली की लघवी भरपूर होते आणि माणूस आतून कोरडा पडत जातो. लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, दिल्यावर पिशवी भरली म्हणून किडनी बरी झाली असंही नाही. त्यामुळे सलाईन किती गेलं, पाणी किती प्यायले, औषध कधी दिलं हे शेजारी लिहिलेलं नसेल तर नुसत्या आउटपुटच्या आकड्यावरून काय कळणार, कप्पाळ!

कॅथेटर, म्हणजे ही लघवीची नळी, नसेल तर मापाचं भांडं. डायपर असेल तर ओला डायपर वजन करायचा, कोरड्याचं वजन वजा करायचं, 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 एमएल. "झाली थोडी" हे माप नव्हे. आणि चार्टवर ओळीने 50, 50, 50, 50 दिसलं की मला तरी शंका येतेच, ड्युटी संपताना एका बैठकीत लिहिलेलं असतं ते.

सिस्टरनी 38 लिहिलं, शेजारी 'नळी मुडपली होती, सोडवली' हेही लिहिलं. डबी मोठ्या पिशवीत रिकामी केली, पिशवी जमिनीला टेकत नाही ना आणि पेशंटच्या ओटीपोटाच्या खालीच आहे ना ते बघितलं, आणि पुढच्या कॉटकडे वळल्या. इथे परत 4 वाजता.