रानमोडीखालचं रान

(दृश्य: वस्तीमागची उतरण. रानमोडीचं (झपाट्याने पसरणाऱ्या परक्या झुडपाचं) दाट जाळं, फुटक्या बाटल्या, बांधकामाचा राडारोडा.)

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा. शहर जिथे डोंगराला टेकतं, तिथे असा एखादा तुकडा असतोच. कधी कोमुनिदादीचा (गावाच्या सामूहिक संस्थेचा), कधी पालिकेचा, कधी परदेशी गेलेल्या वारसांचा. जागा ओसाड दिसते, पण रानमोडी बाजूला सारून खाली वाकलं, तर चांदाडा, किंदळ, कुडा यांची वीतभर रोपं सापडतात. बी वाऱ्याने आणि पक्ष्यांनी आधीच आणून टाकलेलं असतं. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो अशा मुलखात झाड लावणं हे सगळ्यांत छोटं काम. त्याची वाट मोकळी करणं हेच खरं काम.

सुरुवात कागदापासून करायची. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची नोंद) आणि सर्व्हेचा नकाशा काढून मालकाची लेखी संमती घ्यायची. तोंडी होकारावर उभं राहिलेलं रान वारसांच्या पहिल्या वाटणीतच जातं. जागेवर अकेशिया असेल, तर तीही परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९८४चा वृक्षसंरक्षण कायदा परक्या झाडालाही लागू आहे. सगळी अकेशिया एकदम काढूही नये. सावली गेली की उघड्या जमिनीवर रानमोडी दुप्पट जोमाने येते. दरवर्षी थोडी थोडी काढावी.

(दृश्य: गमबूट घातलेले स्वयंसेवक घमेली एकमेकांकडे देत आहेत.)

राडारोडा कोरड्या दिवसांत उचलायचा. ढिगाऱ्यात थेट हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं, कारण खाली फुरसं किंवा घोणस असू शकते. सिमेंटचा चुरा मातीत राहू देऊ नये. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, सिमेंट तिला अल्कधर्मी करतं. मग मातीत लोह असूनही रोपाला मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं रोप दिसलं की खत घालत बसू नये, खाली खणून बघावं.

रानमोडीचं वेळापत्रक मात्र पाठ हवं. ती साधारण नोव्हेंबरपासून फुलते आणि नंतर तिचं केसाळ बी वाऱ्यावर उडतं. म्हणून ती ऑगस्ट-सप्टेंबरात, माती ओली असताना, मुळासकट उपटायची. नुसती कोयत्याने छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि एका दांड्याच्या जागी चार येतात. घाणेरीचं मूळ हाताने निघत नाही. कुदळीने मातीच्या खाली तीन-चार बोटं तोडून गड्डा उलटा टाकायचा. उपटलेली रानमोडी बी धरण्याआधीची असेल, तर तीच रोपांभोवती आच्छादन म्हणून वापरता येते. हे सलग तीन वर्षं करावं लागतं. पहिल्या वर्षी गर्दी होते, तिसऱ्या वर्षी मोजकी माणसं उरतात. मनुष्यबळ तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावं, असं आमचं ठाम मत आहे.

(दृश्य: मे महिना. पिकावाने जांभ्यात खड्डा खणला जातोय.)

जिथे आपोआप काही उगवलेलं नाही, तिथेच लागवड. खड्डे एप्रिल-मेमध्ये, ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. कठीण जांभ्यात ६०. तीन मीटर अंतर धरलं तर हजार चौरस मीटरला साधारण ११० रोपं लागतात. एका चौरस मीटरात तीन-चार रोपं कोंबायची पद्धत सध्या गाजते आहे. इथल्या पावसात तेवढ्या खर्चाची गरज नाही. खड्ड्यात पाणी ओतून बघावं. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल, तर उताराच्या बाजूने चर काढल्याशिवाय तिथे रोप लावू नये, मुळं कुजतात.

मिरगाचे पहिले पाऊस मुरू द्यावेत. सांजांवच्या (२४ जूनच्या) सुमारास माती खोलवर भिजलेली असते. माट्टी, किंदळ, नाणा, जांभूळ, उंबर, करंज, सातवीण अशी इथलीच झाडं निवडायची. पिशवी पूर्ण काढायची, आणि मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर तो वेटोळा कापायचा. नाहीतर झाड दोन वर्षं बरं दिसतं आणि वादळात मुळापासून लोळतं. आच्छादन चार बोटं जाड, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी. खोडाला टेकलं की वाळवी चढते.

एक अपवाद जपायलाच हवा. वर सपाट, उघडा सडा (जांभ्याचं पठार) असेल तर तिथे एकही झाड लावू नये. पावसाळ्यात त्या पातळ मातीत गेंद आणि कीटकभक्षी दवबिंदू उगवतात. झाडांची सावली पडली की ते संपतात.

जांभ्यात पाणी टिकत नाही. फेब्रुवारीपासून पहिली दोन वर्षं प्रत्येक रोपाला आठवड्यातून एकदा दहा लिटर पाणी द्यायचं. रोज थोडं शिंपडल्याने मुळं वरच राहतात. शिगम्याच्या आधी जागेच्या चहूबाजूंनी तीन मीटर रुंद आगपट्टा झाडून घ्यायचा, कारण वाळलेल्या रानमोडीला ठिणगी पुरते. गुरांसाठी निर्गुडी आणि अडुळशाचं कुंपण. ही झुडपं गुरं सहसा खात नाहीत.

(दृश्य: चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या आराशीसाठी) माणसं रानात शिरतात.)

जागा लोकांची व्हायची असेल तर माटोळीचा विचार आधीच करावा. कांगल्याचा वेल कडेला, वाटेजवळ लावावा. माट्टी असेल तर तिची फळं, म्हणजे कातरेही घरच्या वाड्यातलेच मिळतील. नियम लिहून फाटकावर लावायचा: घोस देठापासून कापावा, फांदी मोडू नये, प्रत्येक वेलावर निम्मे घोस बियांसाठी सोडावेत. चतुर्थीच्या त्या दोन दिवसांत फाटकावर दोन माणसं उभी ठेवायची, म्हणजे ज्याला कांगलं ओळखता येत नाही त्याला ते दाखवता येतं.