तिसरी तार

(गिटारच्या मानेवर डावा हात, अगदी जवळून.)

सी, जी, ए मायनर, एफ. शिकवणारं कुणी नसताना गिटार घेऊन बसलं की बोटं हमखास या चार कॉर्ड्सपाशी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांपाशी येतात. माझीही आली. दोन वर्षं जी जी चाल सुचली, ती यांच्यावरच बसवली. थिअरीकडे मी मुद्दाम वळलो नव्हतो. नियम कळले की सुचणं आटेल, अशी भीती होती.

एका रात्री निरोपाच्या गाण्यावर काम करताना पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेल्या एफच्या बार कॉर्डवरचं मधलं बोट उचललं गेलं. एवढंच.

(एफ. एफ मायनर. मग सी. सावकाश.)

तिसऱ्या तारेकडे लक्ष द्या. आधी दुसरा फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांतला दुसरा खण, मग पहिला, मग मोकळी तार. सीला सा धरलं तर शुद्ध ध, कोमल ध आणि प. अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली येणारी ही ओळ मी त्या रात्री शंभरदा तरी वाजवली असेल. हे नेमकं काय आहे, ते कळल्याशिवाय राहवेना. शेवटी पुस्तक उघडलं.

सी मेजर स्केलच्या सात स्वरांवर सात कॉर्ड्स उभ्या राहतात. तीन मेजर, तीन मायनर, एक डिमिनिश्ड. एफ मायनर त्यांत नाहीच! ती सी मायनर स्केलकडून उसनी आणलेली; तिथला ध कोमल असतो. उसनं आणता येतं म्हटल्यावर तिथल्या ए फ्लॅट, बी फ्लॅट याही हाताळून पाहिल्या. सुचणं वाढलंच.

जाँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकारानं हार्मनीवरचा, म्हणजे कॉर्ड्सच्या मेळावरचा आपला ग्रंथ १७२२ साली प्रसिद्ध केला. कॉर्डचे स्वर खालीवर केले तरी तिचा मूळ स्वर तोच राहतो, हे त्यानं त्यात मांडलं. वाजवणारे तशा कॉर्ड्स कितीतरी आधीपासून वाजवत होते. कानाला आधी सापडलं, नाव मागून मिळालं. मला याचा फार धीर वाटतो.

पुढे गाणारीला सीची पट्टी खाली पडू लागली. कॉर्ड्सना आता मी स्केलमधल्या जागेच्या आकड्यांनी ओळखत होतो: एक, पाच, सहा, चार. गाणं डीमध्ये नेलं. डी, ए, बी मायनर, जी. आणि निरोपाच्या ओळीवर जी मायनर.

(तिसरी तार. चौथा फ्रेट, तिसरा, दुसरा. गाणं सुरू होतं.)