रिकामा डबा

(दृश्य : लालबागची चाळ. गणपतीचे दिवस. जेवणाची पंगत.)

मागच्या गणपतीत आत्या म्हणाली होती, "अंगाने चांगलीच भरलीस गं!" यंदा तीच आत्या म्हणते, "केवढी बारीक झालीस! काय केलंस? मलाही सांग की." दोन्ही वेळा घर हसलं. सतरा वर्षांची ती पोरगीही हसली. मोदक तिने दोन बोटांनी फोडला, सारण बाजूला सारलं, उकडीचा नखाएवढा तुकडा चघळत राहिली. मग केळीचं पान दुमडलं आणि मोदक आत गेला.

डॉक्टर याला खाण्याचा विकार म्हणतात. ॲनोरेक्सिया म्हणजे वजन वाढेल या भीतीने उपाशी राहणं, बुलिमिया म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटीसारख्या मार्गाने काढून टाकणं, ही त्यातली नावं. हे नखरे नव्हेत. सगळ्यात जीवघेण्या मानसिक आजारांत ॲनोरेक्सियाची गणना होते. सुरुवात बहुधा वयात येतानाच. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की हा कल काही अंशी रक्तातूनही येतो, तेव्हा सगळं खापर आत्यावर फोडता येणार नाही.

फिजी बेटांवर नाद्रोगा नावाचा भाग आहे. भरलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घरचं, अशी तिथली समजूत. आपल्याकडेही हे कौतुकच होतं की! १९९५मध्ये तिथे टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधिकेने शाळकरी मुलींना विचारलं, तेव्हा वजन उतरवायला मुद्दाम उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८मध्ये त्याच वयाच्या मुलींना विचारलं, तर शंभरात ११.

आता ती पेटी खिशात आली आहे. २०२१मध्ये फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर फुटली. त्यांत कंपनीच्याच माणसांनी लिहून ठेवलं होतं : दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीला स्वतःच्या शरीराबद्दल जे वाईट वाटतं, त्यात इन्स्टाग्राम भर घालतं.

(दृश्य : अंधारी खोली. मोबाइलचा उजेड. पडद्यावर पावभाजीची कृती.)

रात्रीचे बारा. जेवण टाळलेली मुलगी रेसिपी बघतेय. विचित्र वाटतं? १९४५मध्ये अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्याही डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. डाएट आपल्या हातात आहे असं वाटत असतं, तोवर भुकेने डोक्याचा ताबा घेतलेला असतो.

मुलगेही यातून सुटलेले नाहीत. मुंबईत कटिंग म्हणजे चहा. जिममधल्या पोरांचं कटिंग निराळं, चरबी उतरवायचं, त्यात चहातली साखरही जाते आणि भातही. तिथे शंका कोण घेणार? उलट दंडाचे फोटो मागवले जातात.

हिला तर आडोसा घरातच मिळाला. सोमवार, गुरुवार, संकष्टी. साबुदाण्याची खिचडीही नको. "कडक करते हो पोर," आजी शेजारणीला सांगते. पाळी तीन महिने आली नाही, हे मात्र कुणाला ठाऊक नाही.

(दृश्य : करी रोड स्टेशन. सकाळ.)

आईला एकच समाधान होतं, डबा रोज रिकामा येतो. एकदा तिला परळला जायचं होतं, म्हणून ती लेकीसोबत स्टेशनपर्यंत आली. जिन्यापाशी तीन कुत्री धावत आली. लेकीच्या पायांत घोटाळली. एकाने थेट डब्याच्या पिशवीला नाक लावलं.

"तुला ओळखतात गं ही?" आईने विचारलं.