तीन दिवस भिजलेले गहू

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

शालोम आणि नमस्कार, मंडळी.

आज समोर दोन तऱ्हेची माणसं बसली आहेत. काही माझ्यासारखी, आईवडिलांचं बोट धरून कोकणातून या देशात आलेली किंवा इथेच जन्मलेली बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आणि काही पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी, संशोधनासाठी इस्रायलला आलेली तरुण मुलं-मुली. दुपारी जेवताना त्यांच्यातल्याच एका मुलीने मला विचारलं, "आजी, तुम्ही आधी कोण? ज्यू, इस्रायली की मराठी?" मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. उत्तर जरा लांबचं आहे, म्हणून.

माझा जन्म अलिबागचा. आठ वर्षांची असताना मी इथे आले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही कथा मी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. बुडालेल्यांना जिथे पुरलं ती जागा नवगावला आजही दाखवतात. हे नेमकं कधी घडलं यावर विद्वानांनी वाद घालावा. माझं लक्ष लहानपणापासून एकाच गोष्टीकडे जातं. त्या चौदा माणसांपाशी काही उरलं नव्हतं. पोथी गेली, भाषा पुढे विसरली गेली. राहिली ती 'शमा इस्राएल' ही एक प्रार्थना, मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती आणि काय खायचं, काय नाही याचा नेम.

पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'. विचार करा, आपण ज्यू आहोत हा शब्दही ठाऊक नसलेल्या माणसांची ओळख एका सुट्टीच्या दिवसावर टिकून राहिली. आडनावंही गावांनीच दिली: पेणकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर, नवगावकर. आणि शेजाऱ्यांनी कधी त्रास दिला नाही. भारतात आमच्या माणसाला ज्यू म्हणून कोणी छळलं नाही, हे मी या देशात प्रत्येक व्यासपीठावरून सांगते आणि सांगत राहणार.

पुढे डेव्हिड राहाबी नावाचे गृहस्थ कोकणात आले, ती कथा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. ही माणसं खरंच इस्राएलची लेकरं आहेत का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवलं आणि पर असलेले, म्हणजे ज्यू धर्माला चालणारे, मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. राहाबींची खात्री पटली. या कथेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की परीक्षा स्वयंपाकघरात झाली आणि बायका ती द्यायला बसल्या आहेत हे त्यांना माहीतही नव्हतं. रोजचंच काम होतं ते.

सणांची हिब्रू नावं गेली, पण सण गेले नाहीत. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, झाला 'नव्याचा सण'. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, दारं लावून दिवसभर घरात बसायचं, म्हणून तो 'दारफाळणीचा सण', आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला आमची माणसं 'बिरड्याचा रोजा' म्हणायची. मंदिर जेरुसलेमचं, बिरडं अलिबागच्या वालाचं, आणि 'रोजा' शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेला. या दोन शब्दांत आमचा सगळा इतिहास आहे. द्राक्षाची दारू मिळेना, तर काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे सणाची आशीर्वादाची प्रार्थना, म्हटली. 1874 साली पुण्यात छापलेली मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, मिळाली तर जरूर पाहा. तिच्या चित्रांत मत्झा, म्हणजे त्या सणाची बिनखमिराची भाकर, करणाऱ्या बायका साड्या नेसल्या आहेत.

आता हलव्याचं सांगते. चिकचा हलवा. नव्याच्या सणाला आमच्याकडे तो हवाच. माझी आई आधी तीन दिवस गहू भिजत घालायची आणि रोज पाणी बदलायची. मग वाटायचे, सुती फडक्यात घालून पिळायचे. पांढरा चिक रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. मग पातेल्यात चिक, साखर आणि नारळाचं दूध. नारळाचंच, कारण जेवणात मटण असेल तर गाई-म्हशीचं दूध चालत नाही. धर्माने घातलेली अट कोकणच्या माडाने भागवली. मग ढवळत राहायचं. हात थांबला की बुडाला लागलंच. आई दमली की मी, मी दमले की मावशी. गोळा कडा सोडायला लागला की तूप न घालताही चकाकतो, नारळाचं तेल सुटतं ना. ताटात ओतायचा, वर बदामाचे काप दाबायचे, गार झाला की वड्या. तेवढ्या दोन-अडीच तासांत आईने मला मराठी शिकवलं. वेगळं बसवून कधीच नाही.

ओळखीचा प्रश्न इथे आल्यावरही सुटला नाही. तिकडे आम्ही इस्रायली होतो, इथे 'होदिम', म्हणजे हिंदी, झालो. 1962 साली इथल्या मुख्य रब्बींचा आदेश निघाला, की बेने इस्रायलींपैकी कोणाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं तर त्याच्या घराण्याची आधी चौकशी करावी, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत. पिढ्यानपिढ्या शनिवार पाळणाऱ्यांना वंशावळीचा कागद मागितला गेला. 1964 च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. शेवटी नेसेटची, म्हणजे इथल्या संसदेची, खास बैठक झाली, बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं सरकारने स्पष्ट केलं, आणि आदेशातून आमचं नाव काढावं लागलं. त्या वडीलधाऱ्यांपुढे मी आज मान लववते. त्यांच्यातले कितीतरी जण हिब्रू अडखळत बोलत होते, तरी ते हटले नाहीत.

2016 साली जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आमच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसाही आहे आणि भारतीय वारसाही, असं त्यात निघालं. घरोघरी आनंद झाला, मलाही झाला. पण रक्तातलं आपोआप उतरतं, त्याचं श्रेय कोणाला द्यायचं? गहू भिजत घालावेच लागतात. ते कोणी घातले नाहीत, तर रक्त कितीही शुद्ध निघो, सणाला ताट रिकामं राहतं.

तर मुली, तुझं उत्तर. ज्यू मी आहे ते मराठी बायकांमुळे. त्यांनी मराठीत नवस बोलून, मलिद्याचे, म्हणजे नवसाच्या प्रसादाचे, पोहे धुऊन, त्यात खोबरं-साखर कालवून, फळं मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेतलं, म्हणून माझा धर्म माझ्यापर्यंत पोचला. देश माझा हा, माझी मुलं इथल्या सैन्यात होती. पण ज्या भाषेने आम्हाला ज्यू ठेवलं, ती आमच्याच घरात आता क्षीण होते आहे, आणि याचं मला फार दुःख आहे. माझ्या नातवाला मलिदा आवडतो, एलियाहू हन्नाबीचं गाणं पाठ आहे. पण "पोहे पिळून घे" म्हटलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो. त्याचा दोष नाही. मी त्याला मलिदा नेहमी तयारच वाढला.

आपण इथून 'मायबोली' त्रैमासिक काढतो, महाराष्ट्र दिन करतो. ते हवंच. पण आमच्या पूर्वजांपाशी ना मासिक होतं, ना सभागृह. तारखेला बांधलेलं, हाताने करायचं काम होतं, आणि ते करताना तोंडी बोलणं होतं. मराठीसाठी मला तेच करून पाहायचं आहे, माझ्या वयाला झेपेल तेवढं.

पुढच्या महिन्यात रोश हशाना आहे. आदल्या आठवड्यात आपल्या मंडळाच्या स्वयंपाकघरात मी दहा किलो गहू भिजत घालणार आहे. पहिल्या दिवसापासून या. पाणी बदलायला नातवंडांना आणा. पुण्या-नाशिकच्या मुलांनीही यावं, सणाला घरापासून लांब आहात तुम्ही. ढवळताना बोलायचं ते मराठीत, मोडकंतोडकं चालेल. पातेली मंडळाची आहेत. सुती फडकी मात्र येताना घेऊन या, माझ्याकडे दोनच उरली आहेत, आणि त्यातलं एक आईचं आहे.