काउंटर-स्ट्राइकचे ईस्पोर्ट्स खरेच संपत चालले आहे का?

नमस्कार मंडळी. काउंटर-स्ट्राइक या दोन संघांत खेळल्या जाणाऱ्या बंदुकांच्या संगणकी खेळाचे ईस्पोर्ट्स, म्हणजे त्याच्या व्यावसायिक स्पर्धांचे जग, आता शेवटच्या घटका मोजत आहे, असे छातीठोकपणे सांगणारा एखादा व्हिडिओ दर काही महिन्यांनी तुमच्या मोबाइलवर येऊन पडत असेलच. थंबनेलवर थडगे, थडग्यावर खेळाचे बोधचिन्ह आणि खाली लाल अक्षरांत एक प्रश्नचिन्ह, असा त्याचा ठरलेला साचा असतो. आजच्या व्हिडिओत तोच प्रश्न घेतला आहे. मात्र माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. हा खेळ जगात मरत नाही, त्याच्या मोठ्या स्पर्धाही मरत नाहीत. पण सोलापुरासारख्या गावात त्याचे जे काही होते ते कधीच संपले, आणि त्याची कारणे खेळाच्या वयात शोधून सापडणार नाहीत.

आधी वय पाहू. मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून काउंटर-स्ट्राइक तयार केला आणि पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो अधिकृतपणे बाजारात आणला. म्हणजे हा व्हिडिओ पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांपेक्षा तो वयाने मोठा आहे. २००३ मध्ये १.६ ही आवृत्ती आली, २००४ मध्ये ‘सोर्स’, २०१२ मध्ये ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’. एप्रिल २०२५ मध्ये स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्याच खेळांच्या ऑनलाइन दुकानावर, एकाच वेळी १८ लाखांहून अधिक लोक हा खेळ उघडून बसले होते. त्यातले किती जण खरोखर खेळत होते आणि किती जण खेळातल्या नुसत्या विकतच्या पेट्या उघडून रंगीत बंदुका निघतात का ते पाहत होते, हा भाग वेगळा; तरीही मरणाऱ्या खेळाचा आकडा असा नसतो.

पण खेळ चालणे आणि त्याचे ईस्पोर्ट्स चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे मान्य केले पाहिजे. लाखो लोक खेळतात आणि सामने मात्र कुणी पाहत नाही, असे घडलेले आहे. म्हणून सामना पाहण्यासारखा का असतो, हे एका लहानशा उदाहरणावरून दाखवतो.

(पडद्यावर: ‘मिराज’ नकाशा, ‘ए’ साइट, बॉम्ब लावलेला.)

एका संघाने बॉम्ब लावायचा आणि बचाव करणाऱ्या संघाने तो निकामी करायचा, असा हा खेळ. बॉम्ब लागला की फुटायला चाळीस सेकंद उरतात. बचाव करणाऱ्या खेळाडूकडे अवजारांचे किट नसेल तर बॉम्ब निकामी करायला दहा सेकंद लागतात, किट असेल तर पाच. हे किट चारशे डॉलरला मिळते, अर्थात खेळातल्या डॉलरला. आता समोर एकच बचावपटू उरला आहे, घड्याळात आठ सेकंद आहेत आणि फेरी सुरू होताना चारशे डॉलर वाचवावेत म्हणून त्याने किट घेतलेले नाही. त्याने कितीही नेमबाजी केली तरी तो फेरी हरलेलाच आहे, आणि हे त्याला कळते त्याच क्षणी प्रेक्षकालाही कळते. तो मग बॉम्बचा नाद सोडून हातातली महागडी रायफल वाचवायला पळतो, कारण पुढच्या फेरीत ती विकत घ्यायला त्याच्याकडे पैसे नसतील. शत्रूवर जादूचे गोळे फेकणारी पात्रे नाहीत, दहा प्रकारच्या शक्ती पाठ करायची गरज नाही. ज्याने हा खेळ कधीच खेळलेला नाही अशा माणसालाही दहा मिनिटांत हे समजते आणि हीच या जुन्या खेळाची खरी पुंजी आहे.

आता ‘मरण्या’चा इतिहास. हा खेळ संपल्याची बातमी पहिल्यांदा आली ती २००८ च्या सुमारास. अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी उभारलेली चॅम्पियनशिप गेमिंग सिरीज दोन हंगामांत गुंडाळली गेली, आणि ज्या सीपीएलने, म्हणजे सायबरॲथलीट प्रोफेशनल लीगने, या खेळाला मोठ्या स्पर्धांची सवय लावली होती तीही त्याच वर्षी बंद पडली. त्यातच खेळाडू दोन गटांत विभागलेले होते. १.६ वाले ‘सोर्स’कडे ढुंकून पाहत नसत आणि ‘सोर्स’वाल्यांना १.६ म्हणजे पुराणवस्तू वाटे. २०१२ मध्ये ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ आला तेव्हा दोन्ही गटांनी त्यालाही नाके मुरडली. चित्र पालटले ते ऑगस्ट २०१३ मध्ये, जेव्हा बंदुकांच्या रंगीत आवरणांची, म्हणजे स्किनची खरेदी-विक्री सुरू झाली. या स्किन ज्यांतून निघतात त्या पेट्यांच्या विक्रीतून अडीच लाख डॉलरची बक्षिसे उभी राहिली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये स्वीडनमध्ये पहिली ‘मेजर’, म्हणजे व्हॉल्व्हच्या पाठबळावरची सर्वांत मोठ्या दर्जाची स्पर्धा झाली. ती फनॅटिक या संघाने जिंकली. प्रेक्षकांच्या खिशातले पैसे थेट स्पर्धेत येण्याची ही वाट सापडली नसती, तर आज आपण या खेळाविषयी बोलतही नसतो.

दुसऱ्यांदा ही हाकाटी झाली २०२० मध्ये, व्हॅलोरंट हा त्याच धाटणीचा प्रतिस्पर्धी खेळ आल्यावर. उत्तर अमेरिकेतले कित्येक चांगले खेळाडू सरळ तिकडे निघून गेले. महासाथीमुळे प्रेक्षागृहे बंद होती आणि त्या वर्षी एकही मेजर झाली नाही. मात्र पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या मेजरमध्ये बक्षिसाची रक्कम वीस लाख डॉलर होती आणि युक्रेनच्या नाटुस विन्सेरे या संघाने एकही नकाशा, म्हणजे सामन्यातला एकही डाव, न हरता ती जिंकली. तिसऱ्यांदा बोंब उठली २०२३ मध्ये. ‘काउंटर-स्ट्राइक २’ अर्धवट आणला गेला, खेळण्याचे आवडते प्रकार गायब झाले, फसवणूक करणारे मोकाट सुटले, अशा तक्रारी होत्या आणि त्यांतल्या बहुतेक रास्तच होत्या. तरीही २०२४ मध्ये कोपनहेगन आणि शांघाय येथे मेजर झाल्या, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला झालेली मेजर फ्रान्सच्या व्हिटॅलिटी या संघाने जिंकली.

मग खरोखर मेलेले ईस्पोर्ट्स कसे दिसते? त्यासाठी ओव्हरवॉच या दुसऱ्या एका नेमबाजीच्या खेळाच्या लीगकडे पाहा. खेळ बाजारात आला २०१६ मध्ये, लीग सुरू झाली जानेवारी २०१८ मध्ये. शहरांच्या नावाचे बारा संघ होते, एकेका जागेची किंमत दोन कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या, आणि खेळ, लीग, नियम व प्रक्षेपण हे सगळे एकाच ब्लिझार्ड कंपनीच्या हाती होते. पुढच्या वर्षी संघ वीस झाले. २०२३ चा हंगाम संपताच ती लीग बंद झाली.

आपल्या सोलापूरकरांना यातला फरक समजावून सांगायची फारशी गरज नाही. गिरणीचा भोंगा बंद झाला की एका दिवसात हजारो घरांची चूल अडचणीत येते. यंत्रमाग मात्र गल्लोगल्ली विखुरलेले असतात, दहा बंद पडले तरी अकरावा खडखडत राहतो. ओव्हरवॉच लीग ही गिरणी होती. काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धा ईएसएल भरवते, ब्लास्ट भरवते, पीजीएल भरवते, स्टारलॅडर भरवते. एकाने हात आखडता घेतला तर दुसरा तारखा घेतो. काही आयोजकांनी ठराविक संघांशी भागीदारी करून दारे बंद करायला सुरुवात केली होती, पण व्हॉल्व्हने २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले आणि २०२५ पासून संघांना आमंत्रण क्रमवारीनुसार किंवा खुल्या पात्रता फेरीतूनच देण्याचे बंधन घातले. या कंपनीवर टीका करायला मला एरवी आवडते, पण हा निर्णय मात्र शंभर टक्के योग्य होता.

सगळे आलबेल आहे असा याचा अर्थ नाही. ईएसएल आणि ऑनलाइन सामने जुळवून देणारी फेसिट या दोन मोठ्या कंपन्या २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सॅव्ही समूहाने दीड अब्ज डॉलरला घेतल्या, त्यामुळे या क्षेत्राचा बराच मोठा भाग एकाच तिजोरीवर विसंबून आहे. दुसरीकडे संघांच्या जर्सीवर सट्ट्याच्या कंपन्यांची नावे दिसतात, आणि स्किनच्या निमित्ताने अल्पवयीन मुले जुगाराला लागतात ही गोष्ट या खेळाच्या चाहत्यांनी तरी झाकून ठेवू नये. खेळाचे आयुष्य वाढवणारा पैसा आणि त्याला बदनाम करणारा पैसा हा बराचसा एकच आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ.

सोलापुरात काउंटर-स्ट्राइक म्हणजे १.६, आणि १.६ म्हणजे सायबर कॅफे. नव्या पेठेपासून सात रस्त्यापर्यंत, जिथे कॉलेजची किंवा शिकवणीची पोरे असत, तिथे आठ-दहा संगणकांचा एखादा कॅफे असायचाच. काउंटरवरच्या संगणकावर मालक सर्व्हर चालवायचा, पोरे ‘डस्ट टू’ हा नकाशा लावायची, आणि आत बसलेल्याने मान वळवून शेजारच्याच्या पडद्यावर पाहिले की ‘स्क्रीन बघू नको रे’ अशी ओरड व्हायची. दोन कॅफेंमधला सामना असला तर वेळ भारनियमनाचे वेळापत्रक पाहून ठरत असे, कारण यूपीएस अर्धी फेरी तग धरील की नाही याची खात्री मालकालाही नसे. त्या पोरांचे नेम कच्चे नव्हते.

पण या कॅफेत चालणारा जवळपास प्रत्येक १.६ हा ‘नॉन-स्टीम’ होता, म्हणजे पेन ड्राइव्हवरून उतरवलेली फुकटची प्रत. कॅफेच्या भिंतींच्या आत त्याने काही बिघडत नव्हते. बाहेरच्या जगात मात्र त्या पोरांचे अस्तित्वच नव्हते. स्टीमचे खाते नाही, खेळलेल्या तासांची नोंद नाही, क्रमवारी नाही, अनोळखी माणसांशी सामना खेळण्याची सवय नाही. २०१२ मध्ये नवा खेळ आला तेव्हा त्याला पैसे, इंटरनेट आणि बरे ग्राफिक्स कार्ड या तिन्ही गोष्टी लागत होत्या. कॅफेचे जुने संगणक त्याच्या जवळपासही पोहोचत नव्हते आणि तोवर लोकांच्या हाती मोबाइल आल्यामुळे कॅफेचा मूळ धंदाच बसत चालला होता. अनेक ठिकाणी आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून मिळतात.

२०१६ मध्ये जिओ आले, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला, आणि नेम धरता येणारी पोरे तिकडे गेली. त्यांची काय चूक? दहा-बारा हजारांच्या फोनवर खेळता येत होते आणि बक्षिसे रुपयांत, इथेच मिळत होती. पीसीवर थोडेफार शिल्लक होते त्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला गालबोट लागले. तिथल्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या भारतीय संघाच्या एका खेळाडूच्या संगणकावर फसवणुकीचे सॉफ्टवेअर सापडले. त्या फाइलचे नाव ‘वर्ड डॉट ईएक्सई’ असे ठेवलेले होते, म्हणजे चोरी लपवण्याचाही आळस. संघ बरखास्त झाला, खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली आणि पुढे व्हॅलोरंट आल्यावर भारतातले उरलेले बरेच संघ आणि खेळाडू तिकडे वळले.

मोबाइलवरच्या खेळाचा पाया किती भुसभुशीत होता, हेही याच काळात दिसले. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, २०२२ मध्ये स्टार स्पोर्ट्सवर त्याची स्पर्धा दाखवली गेली, आणि त्याच जुलैत तो पुन्हा ॲप स्टोअरवरून गायब झाला. परत आला तो मे २०२३ मध्ये. दहा महिने व्यावसायिक खेळाडू नुसते वाट पाहत बसले. कॅफेतला १.६ असा कुणी बंद करू शकत नव्हते, कारण त्याचा सर्व्हर मालकाच्या टेबलावर होता.

याउलट मंगोलियाकडे पाहा. त्या देशाची लोकसंख्या साधारण पस्तीस लाख आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार त्रेचाळीस लाखांवर होती. त्या देशाचा ‘द मंगोल्झ’ हा संघ २०२५ च्या ऑस्टिन मेजरच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोन महिन्यांनी रियाधला ईस्पोर्ट्स वर्ल्ड कप जिंकून आला. मंगोलियन पोरांच्या बोटांत काही वेगळे रक्त वाहत नाही. उलानबातरमध्ये पीसी कॅफेची संस्कृती टिकून राहिली, तिथली मुले नव्या आवृत्तीबरोबर नव्या आवृत्तीवर गेली आणि आशियाच्या पात्रता फेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे हरत हरत खेळत राहिली. आपल्याकडे हरायला जागाच उरली नव्हती.

(पडद्यावर: मुंबई आणि सिंगापूर सर्व्हरची पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, शेजारीशेजारी.)

एक अडचण मात्र आता उरलेली नाही. पूर्वी सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळताना कोपऱ्यामागे लपल्यावरही गोळी लागायची; आज मुंबईत सर्व्हर आहेत आणि माझ्या घरच्या फायबर जोडणीवर पिंग तीस मिलिसेकंदांच्या आसपास राहते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ईस्पोर्ट्सला वेगळे काढून मान्यता दिली, त्यामुळे कॉलेजच्या प्राचार्यांकडे परवानगी मागायला गेल्यावर ‘हा जुगार आहे का’ या प्रश्नाला आता सरळ उत्तर देता येते. उरतो तो यंत्राचा खर्च. ‘काउंटर-स्ट्राइक २’ने जुन्या ३२-बिट संगणकांचा आणि डायरेक्टएक्स ९ या जुन्या ग्राफिक्स प्रणालीचा आधार काढून घेतला आहे, त्यामुळे कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जुनी यंत्रे इथे कामाची नाहीत.

तुमच्यापैकी पुष्कळ जण विचारतात की आता सुरुवात करायची तर व्हॅलोरंट की काउंटर-स्ट्राइक. पगार देणारा भारतीय संघ हवा असेल तर व्हॅलोरंट खेळा, तिथे मुंबईच्या ग्लोबल ईस्पोर्ट्सला २०२३ पासून पॅसिफिक लीगमध्ये जागा आहे. काउंटर-स्ट्राइक खेळायचा असेल तर स्टीमचे स्वतःचे खाते काढा, फेसिटवर मुंबईच्या सर्व्हरवर सामने खेळा आणि गावातलेच चार जण गोळा करा. दहावीचे, बारावीचे वर्ष असेल तर यातले काहीही मार्चनंतर.